खाली घेतलेल्या ओम्नीला शॉकअप घेताना या चुका टाळा

माझी ओम्नी माझ्याकडे आली तेव्हाच खाली घेतलेली होती. आधीच्या मालकाने मागच्या स्प्रिंगचा एक पाटा (लोखंडी पट्टी) काढलेला, पुढची स्प्रिंग एक वेढा कापलेली. उभी असली की झकास दिसायची. घरची सहा माणसं आणि जेवणाचे डबे घेऊन जोतिबाच्या डोंगरावर निघालो की मात्र प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून "ठक्". आई प्रत्येक ठक्कला पुढची सीट घट्ट धरायची.

आठ महिन्यांत मागचे शॉकअप दोनदा बदलले. तेच दुकान, तोच खोका, तेच माप. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मिस्त्रीमामांनी नवा खोका उघडलाच नाही. काढलेला शॉकअप वाइसमध्ये धरला आणि वरची टोपी कापून दांडा माझ्या डोळ्यांसमोर धरून फिरवला. दांडा एका बाजूने घासून चकचकीत झालेला, फिरवताना डुलत होता. हलवला की आत काहीतरी सुटं वाजायचं. मामा म्हणाले, "मालक, ह्यो शॉकअप वाईट न्हवता. ह्याला बसायला जागाच न्हवती."

पुढचं सगळं या एका वाक्यातून आलं आहे.

शॉकअप गाडी उचलून धरतो असं समजणं

गाडीचं वजन स्प्रिंग आणि पाटे घेतात. शॉकअपच्या नळीत तेल असतं, पिस्टन त्यातून वर-खाली जातो, तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो. आणि म्हणूनच मागून बसलेली गाडी नवीन शॉकअपने उठत नाही. गॅसवाला शॉकअप थोडा जोर लावतो, पण सात माणसांपुढे त्याचं काही चालत नाही.

चाकांचा ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) फार वर येऊ नये म्हणून चॅसिसवर रबरी स्टॉपर असतो. भरलेली गाडी नुसती उभी असताना त्यावर टेकत असेल, तर जगातला कोणताही शॉकअप घ्या, उपयोग शून्य. काढलेला पाटा परत टाकावा लागेल. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याच्याकडे पाटा विकायला नसतो.

स्टॉपर कापणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. "गाडी खाली घेतली की आखूड शॉकअप लागतो" एवढंच जो तो सांगतो. ते अर्धंच खरं आहे.

हिशेब मांडून बघू. आकडे हिशेबापुरते आहेत, तुमच्या गाडीचे नव्हेत. समजा शॉकअप पूर्ण उघडा असताना ४०० मिमी आहे आणि पूर्ण दाबला की २५०. मूळ उंचीला गाडी उभी असताना तो ३३० भरतो. तो सरळ नाही, ३० अंश तिरका आहे. त्यामुळे ॲक्सल १०० मिमी हलला तर शॉकअप साधारण ८७ मिमी हलतो. गाडी ५० मिमी खाली घेतली, शॉकअप ४३ मिमी दाबला गेला, आता उभ्या गाडीत तो २८७. पूर्ण बंद व्हायला ३७ मिमी उरले, म्हणजे ॲक्सल आणखी ४३ मिमी वर येऊ शकतो.

आता स्टॉपर. मूळ गाडीत तो ॲक्सलपासून ७५ मिमी वर होता, खाली घेतल्यावर २५ उरले. रबर दाबून आणखी १२ मिमी जाईल असं धरलं तरी ॲक्सल ३७ वर थांबला. शॉकअपला ४३ ची मुभा होती. सहा मिमी हातात राहिले. म्हणजे मूळ मापाचा शॉकअप अजूनही सुरक्षित आहे! स्टॉपर चॅसिसवर आपल्या जागीच असल्याने ॲक्सल पूर्वीपेक्षा वर जाऊच शकत नाही.

घोटाळा याच्या पुढच्या पायरीला होतो. २५ मिमी म्हणजे काहीच नाही. ॲक्सल सारखा स्टॉपरवर आपटतो, ठक्-ठक् सुरू होते, मालक वैतागतो, आणि कुणीतरी हॅकसॉ घेऊन स्टॉपर अर्धा कापतो. २५ मिमी रबर गेलं की मोकळी जागा झाली ५०. शॉकअप ४३ वरच संपला. आता रबराला टेकण्याआधी पिस्टन नळीच्या तळाला धडकतो. दांडा वाकतो, सील फाटतं, कधी खालचा कान (बोल्ट जातो तो गोल) तडकतो. आवाज आधीसारखाच, पण आता लोखंडावर लोखंड.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. दोन्ही बाजूंचे स्टॉपर करवतीने सपाट कापलेले होते, आणि आठ महिने मी शॉकअपच्या कंपनीला शिव्या देत होतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी गाडीखाली वाका. स्टॉपर पूर्ण आहे का बघा. कापलेला असेल तर आधी नवा टाका. किंमत किरकोळ असते. मग ठरवा, आखूड शॉकअप खरंच हवा आहे का.

फक्त बंद लांबी बघणं

हवाच असेल तर मोजमाप तीन ठिकाणी: उभी गाडी, स्टॉपर पूर्ण दाबलेला, आणि जॅकवर ॲक्सल मोकळा लटकलेला. तिन्ही वेळा वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. मागे वाळूची पोती टाकत गेलो की स्टॉपर टेकतो. त्यातून १५ मिमी वजा करा, रबर दाबण्यासाठी. दांड्याला केबल टाय बांधून बघतात ती युक्ती चांगली आहे, पण ज्या शॉकअपच्या दांड्यावर धूळझाकण असतं तिथे ती चालत नाही, टेपच धरावी लागते.

इथे एक पेच आहे. बंद लांबी कमी हवी, तर उघडी लांबीही कमी होतेच, कारण दांडा आत जायला तेवढीच नळी लागते. वरच्या उदाहरणात बंद २५० चा शॉकअप उघडा ४०० होतो. बंद २२० चा घेतला तर उघडा ३४० च्या आसपास मिळेल. उभ्या गाडीतून उघडायला ५३ मिमी उरतात. खड्ड्यात चाक खाली जाताना शॉकअप ताणला जाऊन थांबेल, आणि चाक क्षणभर जमीन सोडेल. हे थोडं चालतं. पण उघडी लांबी इतकी कमी घेऊ नका की प्रत्येक खड्ड्यात शॉकअपच ॲक्सलला लटकवून धरेल. उलट चूकही लोक करतात: लांब उघडणारा शॉकअप घालतात आणि ब्रेकचा पाइप ताणून बसतो. जॅकवर उचलल्यावर पाइपला ढील आहे का, हे हाताने तपासा.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असल्यामुळे वेगळा खेळ आहे. स्प्रिंग कापली आणि स्ट्रट मूळच ठेवला, की चाक खाली लटकल्यावर स्प्रिंग वाटीत सैल पडते. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून "टप्प" येतो तो बहुतेक वेळा हाच: स्प्रिंग सरकून परत वाटीत बसते. लोक बुश बदलतात, बॉल जॉइंट बदलतात. आधी गाडी जॅकवर घ्या आणि स्प्रिंग हाताने फिरते का बघा. फिरत असेल तर कमी उघडणारा स्ट्रट किंवा व्यवस्थित बनवलेली आखूड स्प्रिंग. तार गुंडाळून बांधणं हा उपाय नाही. पुढचा स्ट्रट स्टिअरिंगचा भार अंगावर घेतो, तिथे जुगाड नको.

"कडक द्या" म्हणणं

काउंटरवर बहुतेक जण हाच शब्द वापरतात. कडक म्हणजे किती? सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती साधारण २० टक्के कडक होते. पण शॉकअपचा जोर तेवढा वाढवायचा नसतो, सुमारे १० टक्के पुरे. शॉकअपचा जोर स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढवायचा असतो. मागे तर उलटंच: सारख्या जाडीच्या चार पाट्यांतला एक काढला तर मागची बाजू २५ टक्के मऊ पडते. म्हणजे तिथे आणखी कडक शॉकअप नकोच. एवढंच, की पाटे एकमेकांवर घासतात त्याचाही थोडा आवर असतो, आणि पाटा कमी केला की तो कमी होतो. म्हणून मागे मूळ ताकदीचा शॉकअप बरोबर बसतो.

रिकामी ओम्नी जेमतेम ८०० किलोची. लांबी जुळते म्हणून तिला एखाद्या पिकअपचा शॉकअप लावला, तर रिकाम्या गाडीत मागचं चाक खडीवर नाचतं. चाक नाचत असेल तर टायरवर हात फिरवा; जागोजागी चढउतार लागले तर चाक रस्ता सोडतंय.

कडकपणा तपासायला दुकानात दांडा हाताने दाबून बघतात, त्यातून फार काही कळत नाही. हाताचा वेग कुठे आणि खड्ड्याचा कुठे.

कापून वेल्डिंग, आणि तेल भरलेले शॉकअप

लेथवाल्याकडे नेऊन कान कापून आखूड करून घेणारे बरेच आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं सील जातं, आणि गॅस भरलेल्या नळीवर ज्योत धरणं जिवावर बेतू शकतं. शिवाय असं केल्याने दांड्याचा प्रवास बदलत नाही, फक्त दोन कानांमधलं अंतर बदलतं. "तेल भरून नवे" म्हणून मिळणारेही नको. सील झिजलेलं असेल तर नवं तेलही त्याच वाटेने जाणार.

बसवताना

दोन्ही बाजू एकदम बदला. एक नवा, एक जुना असला की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

नवा दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो. आतली हवा भलत्या जागी जाते. बसवण्याआधी उभा धरा, दांडा वर, आणि चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढा. पहिल्या दोन वेळा मधेच पोकळ, ढिला लागेल, मग सरळ जोर लागेल. हे न करता बसवलेला शॉकअप "नवीनच खराब निघाला" म्हणून परत आलेला मी गॅरेजमध्ये पाहिला आहे.

कानातल्या रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना कधीही पूर्ण आवळू नका. चाकं लटकलेली असताना आवळलं तर गाडी खाली आली की बुश कायमची पिळलेली राहते आणि काही महिन्यांत फाटते. आधी नट नुसता धरवा, गाडी चाकांवर घ्या, मग आवळा. बुशचं आतलं भोक आणि बोल्ट यात ढील असेल तर स्लीव्ह (मधली बारीक नळी) करून घ्या; पत्र्याची पट्टी गुंडाळू नका.

पुढचं काम केलं असेल तर अलाइनमेंट करूनच बाहेर पडा. गाडी खाली गेली की टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो आणि टायरची आतली कड पटकन खाल्ली जाते. ते खापरही शेवटी शॉकअपवरच फुटतं.

आणि एक आठवड्याने परत खाली वाका. दांड्यावर तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका. पण खालच्या नळीवर धूळ ओली होऊन चिकटली असेल, तर सील गेलं.

कागदाची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी इथेच बोट ठेवेल. शिवाय रस्त्यांचं मानक गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच हवा असं सांगतं. आपल्या गल्लीतले कुणी टेप लावून बांधलेले नसतात. ओम्नीची जमिनीपासूनची मोकळी उंची मुळात १६५ मिमी. त्यातले ५० गेले की तुम्ही आणि सायलेन्सर, दोघांनाही गल्लीतला प्रत्येक उंचवटा पाठ होतो.

माझ्या गाडीचा पाटा मामांनी परत टाकला, स्टॉपर नवे लावले, मागे मूळ मापाचेच शॉकअप बसवले. पुढे आखूड स्प्रिंग आणि तिला जुळणारे स्ट्रट. गाडी आता पुढून थोडी वाकलेली दिसते. माझा मुलगा म्हणतो, पूर्वीसारखी दिसत नाही. आई म्हणते, सीट धरावी लागत नाही.