एकूण टक्क्यांवर विसंबू नका, गट पाडून मोजा

आठवी ते दहावीच्या मुलांना ‘यंत्र पक्षपाती असू शकतं’ हे सांगून पटत नाही, मोजायला लावलं की पटतं. गूगलचं ‘टीचेबल मशीन’ हे मोफत संकेतस्थळ आहे, त्यात कॅमेऱ्याने फोटो दाखवून यंत्राला वस्तू ओळखायला शिकवता येतं. त्यात ‘उघडा पंजा’ आणि ‘मूठ’ असे ओळखायचे दोन प्रकार करा. दोन्हींचे 50-50 फोटो एकाच मुलाचे, एकाच भिंतीपुढे घ्या. फोटो घेण्याचं बटण दाबून धरताना हात फिरवत राहायला सांगा, नाहीतर 50 फोटो म्हणजे एकच फोटो 50 वेळा.

मग चाचणी. मेंदी, बांगड्या, लांब बाह्या, वेगवेगळे वर्ण, खिडकीचा उजेड, सगळं येऊ द्या. समजा 40 पैकी 34 उत्तरं बरोबर आली: 85 टक्के, मुलं खूश! आता गट पाडा. साधे हात 20 पैकी 20, मेंदीचे 20 पैकी 14. खरा धडा इथे आहे, घाई करू नका. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या यंत्रणा तपासणाऱ्या 2018च्या ‘जेंडर शेड्स’ अभ्यासातही असंच गटवार मोजल्यावर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकांचं प्रमाण 34.7 टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसलं. गोऱ्या पुरुषांबाबत ते जास्तीत जास्त 0.8 टक्के होतं.

दुसऱ्या फेरीत शिकवायच्या फोटोंची संख्या तीच ठेवून फक्त हात बदला, म्हणजे मेंदीचे, वेगवेगळ्या मुलांचे हातही घ्या. भिंतही बदलली, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि पडद्यावरची टक्केवारी म्हणजे यंत्राची खात्री. चुकीचं उत्तरही ते 98 टक्के खात्रीने देऊ शकतं.