जर्मनची चाचणी काढताना आधी पाहा, उत्तर आलं कुठून

मी रत्नागिरीत नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मन शिकवते. महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नव्याने शिकवायला लागलेली मंडळी मला विचारतात, चाचणी कशी काढायची? बहुतेकांना कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं की पुस्तकातले पन्नास शब्द उचला, गाळलेल्या जागा करा, झालं. असल्या सल्ल्याने मुलींची वर्षं फुकट जातात. मुख्य परीक्षेची फी मोठी असते आणि घरून एकदाच मिळते.

पहिल्यांदा एक वाक्य लिहा: ही चाचणी पास झालेल्या मुलीला काय करता येईल? ‘स्टेशनवरची घोषणा ऐकून गाडीची वेळ सांगता येईल’ इतकं नेमकं. युरोप परिषदेच्या २००१च्या भाषा-चौकटीत ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सगळ्यात वरची) अशा सहा पायऱ्या आहेत. तिथली वर्णनं ‘काय करता येतं’ याच पद्धतीची आहेत, ती समोर ठेवा.

गुणांची वाटणी सोपी आहे. मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या ए१ परीक्षेप्रमाणे ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग करा आणि १००पैकी ६०ला पास ठेवा. जपानी शिकवणाऱ्यांना एवढंच सांगते की जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत तोंडी भाग नसतो म्हणून वर्गातही तो गाळू नका. पेशंटशी बोलायचं तोंडानेच असतं.

आता प्रश्न काढणं. मी दोन वर्षं इथेच अडखळले.

एका बॅचला मी हापूसवर उतारा दिला. मुलींना जवळचा विषय असावा, एवढाच विचार केला होता. आंबा कोणत्या महिन्यात येतो, पिकवायला कशात ठेवतात, पेटीत किती डझन बसतात, असे सहा प्रश्न. चोवीसच्या चोवीस मुलींना पैकीच्या पैकी! त्यात तीन आठवडे गैरहजर असलेली एक मुलगीही होती. तिचा पेपर हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग शेजारच्या बारावीतल्या मुलीला उतारा न दाखवता तेच प्रश्न मराठीत विचारले. जर्मनचा गंध नसताना तिने सहापैकी पाच बरोबर दिले. म्हणजे मी परीक्षा घेतली होती ती आंब्याच्या माहितीची.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. उतारा झाकून प्रश्न कोणाला तरी विचारायचे आणि अंदाजाने सुटेल तो प्रश्न काढून टाकायचा. आंबा ठेवायचाच असेल तर गोष्ट एका माणसाची करा. या वर्षी त्याने पहिली पेटी रेल्वेने पाठवायची ठरवली, जागा मिळाली नाही, ट्रकवाल्याने नकार दिला, शेवटी एसटीने गेली. प्रश्न: पेटी कशाने गेली? पर्यायांतली तिन्ही वाहनं उताऱ्यात हवीतच. एकच असेल तर मुलगी तो शब्द शोधते आणि खूण करते, वाचत नाही.

उलटंही होतं. जर्मनीत बऱ्याच शहरांत तिकीट काढल्यावर प्रवासाआधी ते यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. कोकण रेल्वेने फिरलेल्या मुलीला शब्द येत असूनही तो प्रसंग डोळ्यांपुढे येत नाही. असं काही विचारायचं असेल तर आधी वर्गात सांगा, नाहीतर विचारू नका.

व्याकरणात हीच चूक जास्त लपून बसते. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत: नामाआधी डेअर (तो), डी (ती) किंवा डास (ते) लागतं. मी लिंगाच्या प्रश्नात मासा, घर, पाणी, पुस्तक दिले. सगळ्यांचं बरोबर आलं आणि मी खूश झाले. नीट पाहिलं तर तो मासा, डेअर फिश; ते घर, डास हाउस; ते पाणी, डास वासर; ते पुस्तक, डास बूख. चारही ठिकाणी दोन भाषांचं लिंग योगायोगाने जुळतं! मुलींनी मराठीतलं लिंग उचलून ठेवलं होतं. खरी परीक्षा जिथे जुळत नाही तिथे होते. नदी ती, पण डेअर फ्लुस. होडी ती, पण डास बोट. सूर्य तो, पण डी झोनं. निम्मे शब्द तरी असे घ्याच.

चुकीचे पर्यायही मुलींच्या वह्यांतून घ्या, मनाने रचू नका. ‘हाल्प त्सेन’ म्हणजे साडेनऊ, दहाकडे निघालेला अर्धा तास. मुलगी दहा ऐकते आणि साडेदहा लिहिते. म्हणून १०.३० हा पर्याय हवाच. घोषणेत ‘नऊला नाही, साडेनऊला’ असं असेल तर ९.०० हाही ठेवा, ‘नाही’ न ऐकणारी तिथे सापडते. आकड्यांतही तसंच. जर्मन त्रेपन्न आपल्या त्रेपन्नसारखंच तीन आधी, पन्नास नंतर असं बोलतात, पण इंग्रजीतून आकडे मोजणारी मुलगी ३५ लिहून जाते. ३५ पर्यायात नसेल तर तिची चूक तुम्हाला कळणारच नाही.

ऐकण्याची चाचणी जुलैत पत्र्याच्या छपराखाली घेऊ नका. पाऊस कोसळायला लागला की मागच्या बाकावर काही पोहोचत नाही. स्पीकर चार्ज करून ठेवा, वीज जाणार हे धरूनच चाला.

लेखी तपासताना नावं झाका आणि एक प्रश्न सगळ्या पेपरांत तपासून मगच पुढच्याला हात घाला. निरोप पोहोचला का याचे गुण वेगळे, व्याकरणाचे वेगळे. ए१च्या मुलीने क्रियापद चुकीच्या जागी ठेवलं पण ‘उद्या येऊ शकत नाही, ताप आहे’ हे कळलं, तर निरोपाचे पूर्ण गुण द्या. यात मी कोणाचं ऐकत नाही.

निकाल लावला की पेपर बांधून ठेवू नका. चोवीस जणींत एकूण गुणांनुसार वरच्या आठ आणि खालच्या आठ वेगळ्या काढा. एका प्रश्नाला वरच्यांपैकी सात आणि खालच्यांपैकी दोन बरोबर असतील, तर फरक पाच, भागिले आठ, म्हणजे ०.६च्या वर. उत्तम प्रश्न. ०.२च्या खाली गेला तर पुन्हा वाचा. उणे आला, म्हणजे खालच्यांनी वरच्यांपेक्षा जास्त बरोबर दिलं, तर आधी तुमचीच बरोबर उत्तरांची यादी तपासा. माझ्याकडे दोनदा तीच चुकलेली निघाली आणि मी सगळ्यांचे गुण बदलून दिले. वर्ग लहान असला की हे आकडे फक्त इशारा देतात, त्यावरून एखाद्या मुलीबद्दल काही ठरवू नका.

प्रत्येक प्रश्न मी एका कार्डावर लिहिते आणि मागे कोणता पर्याय किती जणींनी निवडला ते मांडते. दोन बॅचमध्ये एकीनेही न निवडलेला पर्याय पेन्सिलने खोडते आणि त्या जागी वहीत सापडलेली नवी चूक लिहिते.