दुसऱ्या पेशातून यूएक्स रिसर्चकडे: पहिला अभ्यास कसा उभा करायचा

अ‍ॅप वापरणाऱ्या माणसाशेजारी बसायचं, तो कुठे अडतो आणि का अडतो हे पाहायचं आणि पाहिलेलं डिझायनर, प्रोग्रॅमर, प्रॉडक्ट मॅनेजर यांना पटेल असं मांडायचं, हे यूएक्स (यूजर एक्स्पीरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव) रिसर्चरचं काम. कोड लिहावा लागत नाही, स्क्रीन रंगवाव्या लागत नाहीत. शाळा, दवाखाना, वृत्तपत्र, बँकेचं काउंटर किंवा समाजकार्य यांत काही वर्षं काढलेल्याला आयटीत शिरायला हा रस्ता जवळचा आहे. दार मात्र अरुंद आहे. कंपनीत डिझायनर पुष्कळ असतात आणि रिसर्चर मोजके, त्यामुळे नवख्याला घेताना केलेलं काम पाहतात. प्रमाणपत्रं गोळा करण्यात वर्ष घालवण्यापेक्षा आठवड्याला ८ ते १० तास काढून सहा महिन्यांत एक छोटा, पण पूर्ण अभ्यास करावा. एक सोडून दोन झाले तर उत्तमच.

जुनी सवय आधी ओळखा

माणसांशी बोलायची सवय ही जमेची बाजू, पण प्रत्येक पेशाची एक खोड इथे आडवी येते. शिक्षकाला समोरचा चुकला की हात पुढे करावासा वाटतो. तो ‘वर बघा, तिथे बटण आहे’ म्हणतो आणि त्या टास्कचा, म्हणजे करून पाहायला दिलेल्या कामाचा, पुरावा तिथेच संपतो. पत्रकार एका झणझणीत वाक्याच्या मागे लागतो आणि चौघांनी मुकाट्याने केलेली तीच चूक त्याच्या वहीत येत नाही. विक्रीतला माणूस नकळत अ‍ॅपची बाजू घेतो. परिचारिका आणि समाजकार्यकर्ते ऐकून घेण्यात तरबेज असतात, पण गप्पा घरच्या अडचणींकडे वळल्या की टास्क अर्धेच राहतात. यांतली आपली खोड कोणती ते कागदावर लिहून सत्राच्या (एकेका माणसासोबतच्या बैठकीच्या) वेळी समोर ठेवा.

विषय आणि प्रश्न

विषय आपल्या जुन्या क्षेत्रातला किंवा रोजच्या वापरातला घ्या. पूर्वीच्या नोकरीतली रुग्णांची, विद्यार्थ्यांची वा खातेदारांची माहिती मात्र वापरायची नाही, नाव खोडूनही नाही. ‘लोकांना हे अ‍ॅप आवडतं का?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याच्या उत्तरावरून कुणी काही बदलू शकत नाही. ‘पहिल्यांदाच मोबाइलवरून वीजबिल भरणारी पन्नाशीपुढची व्यक्ती कुठे थांबते आणि तिथून पुढे काय करते?’ हा प्रश्न चालतो. पुढे हेच उदाहरण धरू.

माणसं किती आणि कोणती

पाच. हा आकडा यूजेबिलिटी (वापरसुलभता) तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या २००० सालच्या लेखामुळे रूढ झाला आणि त्यामागचं गणित नोकरीच्या मुलाखतीत विचारतात. एखादी अडचण एका माणसाला जाणवण्याची शक्यता ३१ टक्के धरली, तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता ८४ टक्क्यांच्या पुढे जाते. पण दहातल्या एकालाच नडणारी अडचण असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के उरते. ‘आम्हाला अडचण दिसली नाही’ म्हणजे ‘अडचण नाही’ असा अर्थ होत नाही, तो यामुळे. शिवाय पाच हा आकडा एका प्रकारच्या माणसांपुरता आहे. पन्नाशीपुढचे आणि कॉलेजातले असे दोन गट हवे असतील, तर प्रत्येकी तीन-चार घ्या.

पाच हवे असतील तर सात जणांना वेळ द्या. एखाद-दुसरा येत नाहीच. आदल्या संध्याकाळी फोन करा, नुसत्या मेसेजवर विसंबू नका. निवडीसाठी चार-पाच प्रश्न पुरतात: बिल कोण भरतं, कसं भरतं, फोन कोणता, याआधी असं अ‍ॅप वापरलंय का, वय किती. घरचे लोक आणि जवळचे मित्र वगळा, ते तुम्हाला बरं वाटेल तेच बोलतील. मानधन म्हणून ३०० ते ५०० रुपये द्या आणि सत्र अर्धवट राहिलं तरी द्या. दिवाळीच्या आठवड्यात कुणी सापडत नाही. शेतकऱ्यांवर अभ्यास असेल तर पेरणीचे दिवस सोडा.

संमती लेखी घ्या, मराठीत, एका पानावर: काय रेकॉर्ड होणार, कोण पाहणार, कधी पुसणार, आणि मधेच उठून जायची मुभा आहे हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पहिल्या अभ्यासात मुलं घेऊच नका.

टास्क लिहिणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. बटणावर ‘बिल भरा’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही ‘आता बिल भरा’ म्हणालात, तर माणूस शब्द जुळवतो, विचार करत नाही. त्याऐवजी प्रसंग द्या: ‘हे या महिन्याचं बिल. उद्या शेवटची तारीख आहे आणि तुम्हाला घराबाहेर पडायचं नाहीये. काय कराल?’ हातात छापील बिल हवंच. महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो; तो शोधणं आणि न चुकता टाइप करणं हेही टास्कच आहे. कोण आकडे तोंडाने म्हणत टाइप करतं, कोण बिलावर बोट ठेवतं, चुकल्यावर कोण सगळंच पुसून पुन्हा सुरुवात करतं, हे बारकाईने पाहा. चार टास्क पुरेत. पैसे भरण्याच्या पानापाशी थांबायचं, यूपीआय पिनपर्यंत जायचं नाही.

खऱ्या पाच जणांआधी एका ओळखीच्या माणसावर पायलट, म्हणजे रंगीत तालीम, करा. त्याचं निरीक्षण अभ्यासात धरायचं नाही, पण त्यात निदान एक टास्क मोडीत निघतो.

सत्र

४५ मिनिटं. पहिली पाच ओळख आणि संमती, पुढची पाच ‘मागच्या वेळी बिल कसं भरलंत?’, मग २५ मिनिटं टास्क, शेवटची दहा प्रश्नावली आणि गप्पा. ऑनलाइन घेणार असाल तर झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांनी बैठक तुटते, हे आधीच ध्यानात ठेवा.

अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर असतो. सुरू करताना मायक्रोफोनचा आवाज आणि ‘स्पर्श दाखवा’ हे दोन्ही चालू करा, नाहीतर बोट कुठे पडलं ते व्हिडिओत कळत नाही. डू नॉट डिस्टर्ब लावा. रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा घरगुती मेसेज येणं वाईट. बँकेच्या आणि पैसे भरण्याच्या काही स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये काळ्या दिसतात. ते सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं असतं, बिघाड नव्हे. तिथे हाताने नोंद ठेवा.

सुरुवातीला एक वाक्य सावकाश म्हणा: ‘काका, परीक्षा अ‍ॅपची आहे, तुमची नाही. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा.’ तरीही दहा मिनिटांत ‘मलाच जमत नाही हो’ ऐकू येतं. ‘नाही नाही, छान करताय’ असा दिलासा देऊ नका, त्यातून काय बरोबर तेही कळून जातं. ‘आत्ता काय व्हायला हवं होतं?’ एवढंच विचारा.

मराठीत प्रश्न बिघडवणारा सगळ्यात छोटा शब्द म्हणजे ‘ना’. ‘सोपं वाटलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. ‘कसं वाटलं?’ विचारा आणि गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण समोरचा बहुतेक वेळा त्यातच खरं बोलतो. घरी सत्र घेतलं तर शेजारी मुलगा किंवा सूनबाई येऊन उत्तरं द्यायला लागतात. त्यांना बाहेर जा म्हणता येत नाही. दुसरा सहकारी असेल तर त्याने त्यांना वेगळे प्रश्न विचारत बाजूला बसवावं. चहा आधी घ्या, नाहीतर तो तिसऱ्या टास्कच्या मधे येतो.

प्रश्नावलीसाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली सिस्टिम यूजेबिलिटी स्केल वापरा. दहा विधानं, प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) गुण. विषम क्रमांकाच्या विधानात गुणातून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानात ५ मधून गुण वजा करायचा. दहाही उत्तरांची बेरीज गुणिले २.५. सरासरी साधारण ६८ धरतात. सम क्रमांकाची विधानं उलट्या अर्थाची आहेत, त्यामुळे सगळ्यालाच ‘हो, ५’ म्हणणाऱ्याचे बरोबर ५० होतात. असा कागद आला की विधानं पुन्हा वाचून दाखवा. आणि पाच जणांची सरासरी मोठ्या अक्षरांत मिरवू नका, इतक्या कमी माणसांत ती सहज दहा गुण इकडे-तिकडे होते.

नोंदींतून निष्कर्ष

शब्दन् शब्द उतरवून काढण्यात आठवडा जातो. त्याऐवजी शीटमध्ये पाच रकाने करा: व्यक्ती, टास्क, मिनिट-सेकंद, काय केलं, काय बोलली. ‘गोंधळली’ हा शब्द लिहायचा नाही, तो तुमचा अर्थ झाला. ‘तीन वेळा मागे गेली, मग फोन खाली ठेवला’ ही नोंद. एका सत्राच्या नोंदींना तीन-चार तास धरा. मग नोंदी चिकटचिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर गट पाडा; फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा फिगजॅम हा ऑनलाइन फळाही चालतो. प्रत्येक अडचणीला ० ते ४ तीव्रता द्या, ४ म्हणजे काम पूर्णच होऊ शकत नाही. किती जणांना अडलं ते ‘५ पैकी ३’ असं लिहा. ‘६० टक्के’ लिहिलंत की अनुभवी वाचणारा तिथेच कागद खाली ठेवतो.

पोर्टफोलिओ आणि नोकरी

आठ ते दहा स्लाइड पुरतात: प्रश्न, माणसं कशी निवडली, पद्धत आणि तीच का, तीन मुख्य निष्कर्ष पुराव्यासह, काय बदलावं, आणि या अभ्यासाची मर्यादा. काल्पनिक नाव आणि विकतचा फोटो लावलेला पर्सोना (नमुना वापरकर्त्याचं वर्णन) काढून टाका. चेहरा न दाखवणारी वीस सेकंदांची क्लिप, संमती असेल तरच, त्याहून कितीतरी बोलकी. अभ्यास स्वतःहून केला असेल तर तसं स्पष्ट लिहा. ज्या कंपनीने काम दिलंच नाही तिला ग्राहक म्हणून दाखवलं, तर एका प्रश्नात उघडं पडतं.

जाहिराती नीट वाचा. ‘यूआय/यूएक्स’ लिहून फिग्मा आणि व्हिज्युअल डिझाइन मागितलं असेल, तर त्यांना स्क्रीन काढणारा हवा आहे. मुलाखती, यूजेबिलिटी टेस्ट, सर्व्हे हे शब्द असतील तिथे अर्ज करा. आडवाटाही आहेत: सहभागी शोधणं, संमतीपत्रं आणि वेळापत्रक सांभाळणं हे रिसर्च ऑपरेशन्सचं काम, बाजार संशोधन संस्थांमधलं क्षेत्रकाम, किंवा सॉफ्टवेअर कंपनीतलं ग्राहक-साहाय्य. साहाय्य विभागात रोज तक्रारी हाताखालून जातात. महिन्याच्या तक्रारींचे गट पाडून प्रॉडक्ट टीमला दोन पानं द्या, ती पोर्टफोलिओत शोभतात आणि आतल्या आत बदलीलाही उपयोगी पडतात. मराठी, हिंदी आणि एखादी बोली येत असेल तर रिझ्युमेत वरच्या भागात लिहा. ग्रामीण वापरकर्त्यांसाठी काम करणाऱ्या टीमला मराठीत मुलाखत घेऊन इंग्रजीत अहवाल देणारा माणूस हवाच असतो.

रिझ्युमेत जुनं काम आकड्यांत मांडा: ‘संवादकौशल्य उत्तम’ ऐवजी ‘दरमहा ४० पालकांशी वैयक्तिक भेटी, त्यांतल्या तक्रारींची वर्गवारी’. आकडे खरेच हवेत. मुलाखतीत ‘प्रॉडक्ट मॅनेजरला तुमचा निष्कर्ष पटला नाही तर?’ हा प्रश्न येतोच. ‘समजावून सांगेन’ हे उत्तर कच्चं. कोणती क्लिप दाखवाल, आणि कोणता पुरावा मिळाला तर तुम्हीच मत बदलाल, हे सांगा.

पगार सुरुवातीला खाली येऊ शकतो. घरखर्चाचे सहा महिने बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका, आणि नोटिस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर पहिल्याच फोनवर सांगा; तो शेवटी कळला की ठरत आलेली ऑफरही मागे घेतली जाते.