इंडेक्स असूनही क्वेरी रखडते? या चुका टाळा

सर्व्हर मंदावला की रॅम वाढवण्याची मागणी सर्वांत आधी येते आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवणारी आज्ञा, उघडून पाहण्याचे कष्ट सर्वांत शेवटी घेतले जातात. हा क्रमच उलटा आहे.

वारंवार दिसणारी चूक म्हणजे कॉलमचा डेटाटाइप (मजकूर, आकडा की तारीख) न पाहता अट लिहिणे. एका औषध वितरकाच्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या सर्व्हरवर ग्राहक-कोडवरून बिले शोधणारी स्क्रीन मार्चअखेरीस अक्षरशः अडकून पडत असे. कोडवर इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची, होता, त्यामुळे दोष हार्डवेअरवर ढकलून रॅमचे कोटेशनही मागवून झाले होते. क्वेरी कशी चालेल हे दाखवणारी एक्स्प्लेन ही आज्ञा चालवल्यावर ‘पॉसिबल कीज’ या रकान्यात इंडेक्सचे नाव होते, ‘की’च्या रकान्यात मात्र नल (काहीच नाही) होते आणि ‘टाइप’खाली ‘ऑल’, म्हणजे संपूर्ण टेबलचे वाचन. कॉलम व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा, होता आणि प्रोग्रामरने ४५१ हा कोड अवतरणचिन्हांशिवाय दिला होता. अशा वेळी मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतील मजकुराचा आकडा करून तुलना करते, आणि ‘४५१’, ‘०४५१’, ‘४५१ए’ हे तिन्ही कोड ४५१ च ठरत असल्याने मजकुराच्या क्रमाने लावलेला इंडेक्स तिथे निरुपयोगी होतो. शिवाय भलत्याच ग्राहकाची बिलेही यादीत येत होती, त्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. अवतरणचिन्हे घातल्यावर स्क्रीन तत्काळ उघडू लागली आणि कोटेशन बारगळले.

तारखेच्या कॉलमवर इयर किंवा डेट हे फंक्शन लावणे हा याच चुकीचा भाऊबंद; तिथेही इंडेक्स सहसा निरुपयोगी होतो. आर्थिक वर्षासाठी मी १ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आधीपर्यंत, अशीच अट लिहितो. बिटवीनमध्ये (‘पासून-पर्यंत’ची अट) शेवटी नुसती ३१ मार्च दिल्यास तारीख व वेळ साठवणाऱ्या डेटटाइम कॉलममधून त्या दिवशीची मध्यरात्रीनंतरची बिले गळतात.

मजकुराचा नमुना शोधणाऱ्या लाइकमध्ये सुरुवातीलाच टक्क्याचे चिन्ह (‘इथे काहीही चालेल’) देऊन नेहमीच्या इंडेक्सकडून वेगाची अपेक्षा करू नये. सगळे कॉलम मागवणारे सिलेक्ट स्टार अहवालात नकोच. प्रत्येक कॉलमवर इंडेक्स ठोकण्याचा सल्ला उतावळ्या नवशिक्यांना फार आवडतो, पण प्रत्येक नव्या बिलाच्या नोंदीबरोबर ते सगळे इंडेक्स अद्ययावत करावे लागतात. एसक्यूएल सर्व्हरवर सरसकट नोलॉक (इतरांचे अजून पक्के न झालेले बदलही वाचू देणारी सूचना) लिहिणाऱ्यांविषयी तर मला अजिबात सहानुभूती नाही, कारण पुढे रोलबॅक होणारी, म्हणजे रद्द ठरणारी, रक्कमही त्यांच्या बेरजेत येऊ शकते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ हे क्वेरी प्रत्यक्षात चालवते, हे अनेकांच्या गावीही नसते. त्यामुळे नोंदी बदलणारे अपडेट तपासताना मी आधी बिगिन (व्यवहाराची सुरुवात) आणि शेवटी रोलबॅक लिहून ठेवतो, मग मधली ओळ भरतो.