बटण सेलवर वर्षानुवर्षं चालणारा मायक्रोकंट्रोलर कसा निवडावा

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप, घ्यायचा म्हटलं की नजर आधी मेगाहर्ट्झवर, म्हणजे वेगावर जाते. बॅटरीवरच्या उपकरणासाठी मात्र आधी दोन आकडे काढा: चिप झोपेत किती करंट खाते आणि वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत दिवसाला किती वेळा लिहायचं आहे.

कागद घ्या. समजा, तापमान नोंदवणारं यंत्र दर मिनिटाला जागं होतं, १० मिलिसेकंद ५ मिलिअँपिअर घेतं आणि उरलेला वेळ २ मायक्रोअँपिअरवर झोपतं. जागेपणाचा खर्च ६० सेकंदांवर पसरला की सरासरी ०.८३ मायक्रोअँपिअर पडते. म्हणजे झोपेचाच खर्च दुपटीहून जास्त! सीआर२०३२ हा बटण सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा, त्याला झोप आणि जागेपण मिळून होणाऱ्या २.८३ मायक्रोअँपिअरने भागलं की कागदावर जवळजवळ नऊ वर्षं येतात. सेल आपसूकही उतरतो, तेव्हा प्रत्यक्षात कमीच धरा. डेटाशीटमधला (चिपच्या माहितीपत्रकातला) स्लीप करंट, म्हणजे झोपेतला करंट, आरटीसी (वेळ राखणारं घड्याळ) चालू आणि रॅम (तात्पुरती मेमरी) शाबूत ठेवून मोजलाय का, ते तळटिपेत नक्की वाचा.

आता मेमरी. इथे घाई नको. दर मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाला १,४४० वेळा लिहिणं. फ्लॅश ही वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी पानापानाने पुसावी लागते, आणि तिचं एक पान साधारण १०,००० वेळा पुसता येतं. एकच पान पुसून-पुसून लिहीत राहिलात तर आठवड्याभरात ती मर्यादा गाठाल. ईईप्रॉम या तशाच टिकाऊ मेमरीची १ लाख वेळा लिहिण्याची मर्यादा सत्तर दिवसांत संपते. एमएसपी४३०एफआर या मायक्रोकंट्रोलर मालिकेतल्या एफरॅम या तिसऱ्या प्रकारच्या टिकाऊ मेमरीला १० चा १५ वा घात इतक्या वेळा लिहिता येतं, आणि लिहिण्याआधी पुसावं लागत नाही, म्हणून वीजही वाचते. सतत नोंदी ठेवायच्या असतील तर मी डोळे झाकून एफरॅम घेईन.

फ्लॅशच वापरायची असेल तर २ केबीच्या पानात १६ बाइटच्या नोंदी एकीपुढे एक लिहा. मग १२८ नोंदींनंतर एकदाच पुसावं लागतं आणि त्या आठवड्याची जवळजवळ अडीच वर्षं होतात. नुसत्या सेटिंग्ज साठवायच्या असतील तर साधी फ्लॅश पुरेशी आहे.

लिहिता-लिहिता सेल बसला तर नोंद अर्धवट राहते. त्यासाठी प्रत्येक नोंदीला चेकसम (नोंद पूर्ण आहे का ते तपासणारा आकडा) जोडा आणि ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज फार उतरलं की चिप थांबवणारा भाग) किती करंट खातो तेही हिशेबात धरा.

निवड पक्की करण्याआधी स्लीप करंट स्वतः मोजा. डेव्हलपमेंट बोर्डावर (चिप बसवलेल्या चाचणीच्या बोर्डावर) मोजत असाल तर पॉवर एलईडी आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आधी वेगळे करा, आणि एकही इनपुट पिन मोकळी लोंबकळत ठेवू नका.