मॉडर्न शिल्पातला माणूस बघताना या चुका टाळा

'हात नाय, डोकं नाय, ही काय कला?' असं मीपण म्हणायचो, आणि गंमत म्हणजे तेव्हा मी ही शिल्पं फक्त मोबाईलवर पाहिलेली.

पहिली चूक हीच, नुसत्या फोटोवरून ठरवणं. शिल्पकार रॉन म्युएकचं 'डेड डॅड' (1996-97) फोटोत बघा, खराखुरा माणूस निपचित पडलाय असं वाटतं, प्रत्यक्षात ते जेमतेम एक मीटर लांब आहे, आणि त्याचाच उकिडवा बसलेला 'बॉय' जवळपास पाच मीटर उंच! फोटोत दोघं एकाच मापाचे दिसतात म्हणजे मुख्य गोष्टच गायब. फोटोवरच भागवायचं असेल तर निदान शेजारी कुणी उभं असलेला फोटो शोधा.

दुसरी, इतकं हुबेहूब म्हणजे जिवंत माणसावरून साचा काढला असणार असं ठोकून देणं. 1877 मध्ये फ्रेंच शिल्पकार रोदँवर 'एज ऑफ ब्राँझ' या पुतळ्यासाठी हाच आरोप झाला, बिचारा वैतागला, आणि पुढचा सेंट जॉन या ख्रिस्ती संताचा पुतळा त्याने मुद्दाम माणसापेक्षा मोठा केला, आता बोला! म्युएक मातीत हाताने घडवतो. शिल्पकार अँटनी गॉर्मली मात्र स्वतःच्याच अंगावरून साचे घेतो आणि ते लपवतही नाही, कारण त्याला नाकडोळे नकोच असतात, शरीराने व्यापलेली जागा हवी असते. त्यामुळे आधी पद्धत बघा मग बोला.

तिसरी, डोकं नसलं की तुटलंय समजणं. रोदँच्या 'वॉकिंग मॅन'ला डोकंही नाही, हातही नाहीत, पण चेहरा असता तर आपण पायांकडे बघितलंच नसतं ना. त्याचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेत. तसं उभं राहून बघा घरी, चालताना मागची टाच उचललेली असते, इथे नाही, तरी तो चालतोय असंच वाटतं कारण दोन क्षण एकातच घातलेत.

शिल्पकार जियाकोमेत्तीचे काडीसारखे लोक म्हणजे उपासमार, हे अर्धवट उत्तर. लांब उभा असलेला माणूस डोळ्याला कसा दिसतो यामागे तो लागला होता. म्हणून काहीच कळेना झालं की दहा पावलं मागे जा.

शिल्पकार हेन्री मूरच्या आडव्या बाईला मात्र चक्कर मारा, तिच्या अंगातल्या भोकातून पलीकडे बघा. फक्त हात लावू नका, घामाने ब्राँझवर डाग पडतात.