वारीचे फोटो काढायला निघालात? या चुका टाळा

ज्येष्ठ वद्य पक्ष लागला की फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एकच प्रश्न फिरू लागतो: दिवे घाटात किती वाजता पोचायचं आणि कुठल्या वळणावर उभं राहायचं? प्रश्न रास्त आहे. पण वारीचे शेकडो फोटो दरवर्षी एकसारखे का दिसतात, याचं उत्तरही त्यातच आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, वाटचाल जवळपास तीन आठवड्यांची, आणि आपण त्यातले चार तास उचलून आणतो. सेटिंग चुकल्याने वाया गेलेले फोटो तसे थोडेच. बाकीचे वाया जातात ते समोर काय चाललंय आणि पुढे काय होणार हे ठाऊक नसल्यामुळे. म्हणून कॅमेऱ्याच्या तक्रारी नंतर घेऊ.

कुठली पालखी, कुठला दिवस

दिवे घाटाच्या फोटोखाली ‘तुकोबांची पालखी’ असं लिहिलेलं दरवर्षी कुठे ना कुठे दिसतं. दिवे घाट चढते ती ज्ञानेश्वर माउलींची पालखी. तुकोबांची पालखी पुण्यातून लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी जाते आणि तिच्या वाटेवर रोटी घाट लागतो. पुण्यातले मुक्कामही वेगळे: माउली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबा मंदिरात. एवढं तरी घरून पाठ करून निघावं.

आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. मग पुण्यात दोन मुक्काम होतात आणि सासवडकडे निघण्याच्या दिवशी बहुतेक वर्षी एकादशी असते. म्हणजे घाटात दिसणारी ती माणसं तीस किलोमीटरच्या आसपासची मजल उपवासावर मारत असतात. हे माहीत असलं की नजर आपोआप रथावरून खाली येते. रस्त्याकडेला वाटली जाणारी केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, आणि सावली शोधून पाय लांब करून बसलेल्या बाया दिसू लागतात. रथालाही या चढावर जादा बैलजोड्या जुंपतात. वळणावर टेकडीच्या माथ्यावरून टिपलेल्या फोटोत यातलं काहीच येत नाही. तो फोटो काढू नका असं म्हणत नाही. पहिल्या वर्षी सगळेच काढतात. पण तो झाला की खाली उतरा आणि माणसांबरोबर चाला.

ड्रोनचं थोडक्यात: बंदोबस्तात त्याला मनाई असते, परवानगीशिवाय उडवला तर जप्त होतो आणि गुन्हाही दाखल होतो. शिवाय डोक्यावर घोंघावणाऱ्या त्या यंत्राखाली अभंग ऐकू येत नाही, ही माझी वैयक्तिक कुरकुर.

रिंगणात फक्त घोडा दिसतो

गोल रिंगणात, म्हणजे वाटेतल्या मैदानावर गोल आखलेल्या वाटेवरून होणाऱ्या धावेत, एकेकाची पाळी ठरलेली असते. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया, मग विणेकरी, मृदंगवाले. सर्वांत शेवटी अश्व: एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी बसत नाही, कारण तो माउलींचा. नवखा फोटोग्राफर या सगळ्या वेळात घोड्याची वाट बघत पट्टा आवळून उभा असतो. साठ-सत्तरीच्या बाया तुळशीवृंदावन सावरत समोरून धावत जातात आणि हा लेन्स पुसत बसतो.

दुसरी चूक अश्व गेल्यावरची. स्क्रीनकडे बघायला मान खाली जाते आणि नेमकं त्याच क्षणी माणसं टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला वाकतात. त्यानंतर टाळकरी आणि पखवाजवाले उडीचा खेळ खेळतात. माझ्या मते रिंगणातला सगळ्यात सुंदर भाग तोच, आणि तोवर निम्मे कॅमेरे पार्किंगकडे वळलेले असतात.

घोड्यासाठी शटर १/१००० च्या पुढे ठेवा. तो ज्या पट्ट्यातून जाणार तिथल्या जमिनीवर आधीच फोकस करून ठेवा. तुळशीवाल्यांच्या धावण्याला मात्र १/३० वर कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवून बघा, पदर आणि पताका वाहत्या दिसतील. फ्लॅश बंद. घोडा बुजला तर चेंगराचेंगरी होऊ शकते. आखलेल्या वाटेवर पाय टाकायचा नाही, आणि सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी मागे सरा म्हटलं की हुज्जत न घालता सरायचं.

भक्ती म्हणजे फक्त जोडलेले हात नव्हेत

वारीतला बराचसा दिवस कामात जातो. दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो, राहुट्या ठोकल्या जातात, चुली पेटतात, टँकरपुढे कळशांची रांग लागते. धुतलेली लुगडी बाभळीवर, कुंपणाच्या तारेवर, ट्रॉलीच्या फाळक्यावर वाळत पडतात. एका एक्स्टेन्शन बोर्डाला पंधरा-वीस मोबाइल लटकलेले असतात आणि शेजारी एक आजोबा राखणीला बसलेले असतात. कोणी कोणाच्या पोटऱ्यांना तेल चोळतंय, कोणी फुकटात चपला शिवून देतंय, न्हावी झाडाखाली दुकान मांडून बसलाय. ही सेवाही श्रद्धेचाच भाग आहे, आणि इथे तुम्हाला कोपराने ढकलणारा दुसरा फोटोग्राफर नसतो.

मुक्कामाच्या तळावरची समाज आरती तर सहसा कोणी टिपत नाही. माउलींच्या सोहळ्यात सगळ्या दिंड्या तळावर गोळा होतात, टाळ-मृदंगाने मैदान दणाणून जातं. मग चोपदार दंड उंचावतात आणि गजर थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात, तेव्हा तेही टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. एवढ्या माणसांचा कारभार असा चालतो, हे ज्या फोटोत दिसेल तो घाटातल्या फोटोपेक्षा जास्त काही सांगेल. आणि उद्या कधी उठायचं हेही तुम्हाला तिथेच कळतं.

तुकोबांच्या वाटेवरही असं पुष्कळ आहे. देहूतून निघाल्यावर पालखी अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग-आरती होते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पालखीखाली धोतरांच्या पायघड्या पडतात. बातमीत हे दोन ओळींत उरकतं, फोटोमालिकेत याला जागा द्या.

विचारलं नाही, किंवा विचारून नाटक बसवलं

गर्दीत चालताना प्रत्येकाला विचारणं शक्य नाही आणि गरजही नाही. पण एकाच माणसावर लेन्स रोखायची तर दोन पावलं जवळ जाऊन ‘माउली, एक फोटो काढू का?’ एवढं म्हणायला काय लागतं? दोनशे मिलिमीटरची लेन्स लावून लांबून चोरट्यासारखं टिपण्यापेक्षा पस्तीस मिलिमीटर लावून समोर बसलेलं चांगलं. आजी आधी पदर सारखा करतील, ताठ बसतील, चेहरा गंभीर करतील. तो फोटो काढा, दाखवा. मग कॅमेरा मांडीवर ठेवून गाव कुठलं, पाऊस झाला का, पेरणी उरकून आलात का, असं बोलत राहा. थोड्या वेळात त्या पुन्हा आपल्या भाकऱ्या थापायला लागतात. खरा फोटो तेव्हाचा.

याच्या उलटची चूक म्हणजे दिग्दर्शन. ‘बाबा, जरा आकाशाकडे बघा, हात जोडा’, ‘मावशी, फुगडी पुन्हा एकदा’. माणसं भिडेखातर करतातही. पण मग तो फोटो तुमच्या मनातल्या वारीचा झाला. परक्यांच्या गरिबीवर असं नाटक रचलं की काय होतं, हे २०१८ मध्ये दिसलं. इटलीचे छायाचित्रकार आलेस्सिओ मामो यांनी उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या खेड्यांतल्या लोकांना खोट्या खाद्यपदार्थांनी सजवलेल्या टेबलापुढे डोळे झाकून उभं केलं होतं. ते फोटो वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रणातल्या संस्थेच्या इन्स्टाग्राम खात्यावर आले आणि जगभरातून टीकेची झोड उठली. परवानगी घेतली होती म्हणून प्रश्न मिटला नाही.

चंद्रभागेत किंवा वाटेतल्या नदी-कालव्यावर अंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो काढू नका. यात ‘पण’ नाही. उघड्यावर अंघोळ ही त्यांची अडचण आहे, तुमची फ्रेम नव्हे. औषधोपचाराच्या तंबूत सलाइन लावून पडलेली माणसं आणि हरवलेली, रडणारी पोरं यांनाही हाच नियम.

फोटो बिघडतोय? मग हे तपासा

*चेहरे काळे, टोप्या पांढऱ्याफटक.* पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि उन्हाने रापलेला चेहरा, ही वारीतली कायमची जोडी. ढगाळ हवेत पांढरे कपडे फ्रेमभर असले की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सगळं करडं करून टाकतो; तिथे एक्स्पोजर +०.७ ते +१ पर्यंत वाढवा. ऊन असेल तर मीटर चेहऱ्यावर घ्या, रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि टोपीतला तपशील पूर्ण उडत नाही ना ते हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, बघा. भर दुपारी टोपीखाली डोळे दिसतच नाहीत. तेव्हा चेहऱ्यांचा नाद सोडून विसाव्यावर झाडाखाली चला. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड कमी-जास्त करा.

*राहुटीतली माणसं निळी किंवा पिवळी दिसतात.* ताडपत्रीतून झिरपणाऱ्या उजेडाचा हा रंग. कॅमेरा आपोआप रंग जुळवतो तो ऑटो व्हाइट बॅलन्स इथे गोंधळतो. माणसाला हलवायचं नाही, आपण हलायचं: दाराकडून येणारा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडेल अशी बाजू धरा. तेही जमत नसेल तर रंग तसाच राहू द्या, निळ्या ताडपत्रीखाली माणूस निळाच दिसतो.

*कीर्तनाच्या मंडपात फोटोवर आडवे पट्टे.* एलईडी दिव्यांची लुकलुक आहे ही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

*लेन्सवर धुकं.* एसी गाडीतून थेट पावसाळी हवेत कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं. पुसून फायदा नाही, पुन्हा धरतं. पोचण्याआधी वीस-तीस मिनिटं एसी बंद करा, कॅमेरा बॅगेतच ठेवा.

*जेजुरीत सगळं पिवळं.* पालखीवर भंडाऱ्याची उधळण होते तेव्हा हळद कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत जाते. तिथे लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच. हळद काचेवर बसली तर कापडाने चोळू नका. आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश, अगदी शेवटी कापड. पुढे साधा यूव्ही फिल्टर असेल तर जीव भांड्यात पडतो.

भेगाळलेले पाय, कृष्णधवल

भेगा पडलेली टाच, फाटकी चप्पल, सुरकुतलेला चेहरा, वरून कॉन्ट्रास्ट चढवलेला कृष्णधवल रंग. हा फोटो आता पुरे. ज्या बाबांची टाच तुम्ही टिपली त्यांच्या घरी ट्रॅक्टर असू शकतो, मुलगा हिंजवडीत असू शकतो. त्यांचं चालणं गरिबीतून आलेलं नाही. पायाचा फोटो काढाच, पण बरोबर त्यांचा हसरा चेहरा, खिशातला मोबाइल आणि हातातला चहाही येऊ द्या.

तसंच फोटोत मागे येणाऱ्या पुढाऱ्यांच्या फ्लेक्सचं. दिसायला नको असतो, मान्य. म्हणून फोटो काढताना जागा बदला. नंतर संगणकावर पुसू नका. स्टीव्ह मॅककरींसारख्या नावाजलेल्या छायाचित्रकाराच्या क्यूबातल्या फोटोची एक प्रिंट २०१६ मध्ये इटलीतल्या प्रदर्शनात लागली. तिच्यातली फेरफाराची चूक एका प्रेक्षकाच्या लक्षात आली, आणि मग त्यांचे जुने फोटोही लोक तपासू लागले. आज एका क्लिकवर पाण्याच्या बाटल्या गायब होतात आणि ढग बदलतात. ते केलंत तर त्या फोटोला निदान माहितीपट-छायाचित्रण म्हणू नका.

नाव लिहून घेतलं नाही

मॅककरींचाच आणखी एक दाखला. त्यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी १९८५ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आली आणि जगभर पोचली. तिचं नाव शरबत गुला आहे हे २००२ मध्ये तिला शोधून काढल्यावर कळलं. ‘एक वारकरी’, ‘एक भाविक महिला’ असल्या ओळी लिहिताना हे आठवावं.

वारीत पत्ता मिळवणं खरं तर सोपं आहे, कारण दिंड्यांना नंबर असतात. ‘रथापुढे अमुक नंबर’ किंवा ‘रथामागे अमुक नंबर’, गाव, तालुका आणि नाव, एवढं फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा. पावसात वही टिकत नाही. नाव छापलेलं चालेल का, हेही त्याच दमात विचारा.

‘फोटो पाठवतो’ असं तोंडातून गेलं असेल तर पाठवा. व्हॉट्सअॅप नसेल तर पुढच्या वर्षी चार बाय सहाच्या प्रिंट घेऊन त्याच नंबरच्या दिंडीत जा आणि विणेकऱ्यांकडे द्या, ते माणूस हुडकून देतात. प्रिंट लॅमिनेट करून न्या, आणि मागे नाव-गाव पर्मनंट मार्करने लिहा. बॉलपेनची अक्षरं त्यावर टिकत नाहीत.